बारा कोसांवर बदलणारी इंग्रजी

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो, आणि बेळगावात राहणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. इथे बारा कोस कशाला, एक गल्ली ओलांडली तरी पुरते. पण इंग्रजीचा विषय निघाला की हीच गोष्ट आपण साफ विसरतो. इंग्रजी एकच, तिचा उच्चारही एकच, आणि तो आपल्याला सोडून बाकी साऱ्या जगाला येतो, अशी निदान मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलांची ठाम समजूत असते. माझीही होती. ती कशी गेली ते या लेखात सांगावयाचे आहे.

पहिल्या वर्षाला असताना वर्गात एक उतारा मोठ्याने वाचण्याची पाळी माझ्यावर आली. त्यात कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द होता. जमाखर्चात 'डेबिट' शिकलो होतो, अक्षरांत 'ब' डोळ्यांना दिसत होता, म्हणून मी ठणठणीत आवाजात 'डेब्ट' असे वाचले. वर्ग हसला. सरांनी चूक दुरुस्त केली, ते योग्यच झाले. पण हसणे तेवढ्यावर थांबले नाही. 'फर्म'मधला माझा खणखणीत 'र' आणि 'नोट'मधला माझा सरळ 'ओ' यांच्या नकला पुढे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत होत राहिल्या. त्यानंतर दोन महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. हुंडीचा, म्हणजे 'बिल्स ऑफ एक्स्चेंज'चा भाग मला समजला नव्हता. तो न विचारल्यामुळे परीक्षेत किती गुण गेले ते माझे मलाच ठाऊक.

एके संध्याकाळी वडील क्रिकेटच्या जुन्या सामन्याचे चित्रण पाहत बसले होते. समालोचनाला जेफ्री बॉयकॉट होते. इंग्लंडकडून १०८ कसोटी सामने खेळलेला, यॉर्कशायरच्या कोळसा खाणींच्या प्रदेशातला हा माणूस. तो 'रन्स'ला जवळजवळ 'रुन्स' म्हणत होता, आणि 'रबिश'ला 'रुबिश'. बाबा ऐकता ऐकता म्हणाले, "ह्यो इंग्रजच की रे, खरं बोलतोय आपल्यासारखं." (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.) त्या एका वाक्याने मी ग्रंथालयाच्या वाटेला लागलो.

उच्चार वेगळा, बोली वेगळी

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. शब्द आणि व्याकरण प्रमाण भाषेचेच, पण बोलण्याची ढब आपल्या प्रदेशाची, याला उच्चारभेद म्हणायचे. शब्द, व्याकरण, म्हणी हे सारेच वेगळे असेल तर ती बोली. 'तू काय करतो आहेस?' हे वाक्य बेळगावी सुरात म्हटले तर तो उच्चारभेद, आणि 'काय करालास?' असे विचारले तर ती बोली.

इंग्लंडमध्ये हे दोन्ही भेद भरपूर आहेत. उत्तर इंग्लंडात 'कप' आणि 'बस' यांतला स्वर 'उ'च्या जवळ जातो. ही बिघडलेली इंग्रजी नव्हे. तो स्वर मुळात सगळीकडे तसाच होता. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडच्या लोकांनी तो बदलला, उत्तरेकडच्यांनी बदलला नाही. 'र'ची गोष्ट याहून गमतीची. लंडनच्या शिष्ट उच्चारात 'कार', 'फार्म' या शब्दांतला 'र' ऐकू येत नाही. पण तो तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गळाला. शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्ये 'र' उच्चारला जात होता. नैर्ऋत्येकडच्या डेव्हन, सॉमरसेट या परगण्यांतले जुने शेतकरी, तसेच स्कॉटिश, आयरिश आणि बहुतेक अमेरिकन लोक तो उच्चारतच राहिले. सॉमरसेटमध्ये तर 'स'चाही 'झ' होतो, आणि परगण्याचे नाव गावकऱ्याच्या तोंडी 'झुमरझेट' असे येते.

माझ्या 'नोट'चे काय? लंडनचा शिकलेला माणूस त्यातला 'ओ' वळवून 'अउ'कडे नेतो. यॉर्कशायर आणि लँकेशायरचा जुना माणूस मात्र 'कोट', 'बोट', 'केक' हे शब्द आपल्यासारखे सरळ लांब स्वरांत म्हणतो. आपल्याला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतला फरक जमत नाही म्हणून ओशाळे व्हायला होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या सामान्य लोकांच्या बोलण्यातही त्यांची अदलाबदल होत असे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला सॅम वेलर हा नोकर स्वतःचे आडनावही 'व्ही'ने सांगतो.

आणि ज्या 'डेब्ट'ने मला हसवून घेतले त्याची कथा ऐका. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'ब' नव्हताच. पुढे विद्वानांना वाटले की मूळ लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण शब्दात दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी 'ब' लिहायला घेतला. बोलायला कोणी घेतला नाही. माझी चूक ती चूकच. पण तो 'ब' तिथे पेरून ठेवला तो इंग्रजांनीच!

व्यापारी आणि अंडी

एवढ्याशा देशात इतके प्रकार का, याचे उत्तर इतिहासात आहे. पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा निरनिराळ्या टोळ्या समुद्र ओलांडून आल्या आणि निरनिराळ्या भागांत स्थायिक झाल्या. त्यांच्या बोली मुळातच वेगळ्या होत्या. पुढे उत्तर आणि पूर्व भागांत डेन व नॉर्वेजियन लोक आले. यॉर्कशायरच्या बोलीत ओढ्याला 'बेक' आणि खेळण्याला 'लेक' म्हणतात, ते त्यांच्यामुळे. यॉर्क शहरात रस्त्यांच्या नावांमागे 'गेट' लागते, त्याचा अर्थ दरवाजा नव्हे. त्या लोकांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता.

या सरमिसळीने व्यापाऱ्याची कशी पंचाईत होई याची एक गोष्ट विल्यम कॅक्स्टनने लिहून ठेवली आहे. इंग्लंडात पहिला छापखाना काढणारा तो हाच. वेस्टमिन्स्टरला त्याने १४७६ साली छपाई सुरू केली. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, लंडनहून नेदरलँड्सकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे केंट परगण्याच्या किनाऱ्याला थांबले. त्यांतल्या एका कापडव्यापाऱ्याने एका घरी जाऊन 'एग्ज', म्हणजे अंडी मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्या एकाने 'आयरेन' मागितली, तेव्हा बाईला उलगडा झाला. 'आयरेन' हा जुना इंग्रजी शब्द, 'एग्ज' हा उत्तरेकडच्या पाहुण्यांचा. कॅक्स्टनला प्रश्न पडला की आता आपण छापायचे तरी काय? कालांतराने 'एग्ज' जिंकले. जो शब्द राजधानीत आणि छापखान्यात चालला तो शुद्ध ठरला, एवढाच त्या शुद्धतेचा अर्थ.

म्हणींतला बाजार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या बोलींतल्या म्हणी विशेष आवडाव्यात, कारण त्यांत पैशाचा व्यवहार ठासून भरलेला आहे. यॉर्कशायरची प्रसिद्ध म्हण अशी : 'जिथे घाण तिथे पितळ'. तिथल्या बोलीत 'ब्रास', म्हणजे पितळ, याचा अर्थ पैसा. लोकरीच्या गिरण्या, चामड्याचे कारखाने, कोळशाच्या खाणी यांचा धूर आणि घाण ज्याने सोसली त्याच्याच हाती चार पैसे आले, हा तिचा अनुभव.

शेजारच्या लँकेशायरमध्ये म्हणत, 'क्लॉग ते क्लॉग तीन पिढ्या'. क्लॉग म्हणजे लाकडी तळव्याचा बूट. सूतगिरणीतले कामगार तो वापरीत. आजोबा क्लॉग घालून गिरणीत राबला आणि मालक झाला. मुलाने धंदा सांभाळला. नातवाने उधळला आणि पुन्हा क्लॉग पायात आले. कौटुंबिक धंद्यांवर आपण जे धडे वाचतो त्यांचे सार या चार शब्दांत आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा आपल्या शेजारच्या धारवाडकडचा कापूसही इंग्लंडला जात होता. त्यामुळे ही म्हण मला फारशी परकी वाटत नाही.

भटक्या भिकाऱ्यांची एक प्रार्थनाच म्हण होऊन बसली आहे : 'हेल, हल आणि हॅलिफॅक्स यांपासून, देवा, आम्हाला वाचव'. हेल म्हणजे नरक. हल हे बंदर कडक तुरुंगासाठी कुप्रसिद्ध होते. पण हॅलिफॅक्स नरकाच्या पंगतीला का? तर तिथे लोकरीचे ओले कापड ताणून रात्रभर उघड्यावर वाळत ठेवीत, आणि ते चोरणे सोपे होते. म्हणून साडेतेरा पेन्स किंवा त्याहून अधिक किमतीची चोरी केली तर शिरच्छेद, असा तिथला कायदा होता. त्यासाठी गिलोटिनसारखे यंत्र उभारलेले असे, आणि ते शेवटचे वापरले गेले १६५० साली. कापडधंद्याची भीती एका गावाच्या नावात कशी साठून राहिली पाहा.

सगळ्याच म्हणींचा असा उगम सापडत नाही. मध्य इंग्लंडात आभाळ भरून आले की म्हणतात, 'बिलच्या आईच्या घरावर काळे झाले आहे'. हा बिल कोण? कोणी म्हणते विल्यम शेक्सपिअर, कोणी म्हणते जर्मनीचा कैसर विल्हेल्म. खरे कोणालाच माहीत नाही, आणि पाऊस त्याकरता थांबत नाही.

इंग्रजांचे अरेतुरे

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद नाही, असे आपण शाळेत शिकलो. प्रमाण इंग्रजीपुरतेच ते खरे. पूर्वी एकवचनी 'दाऊ' आणि आदरार्थी 'यू' असा भेद होता. शिष्टांच्या बोलण्यातून 'दाऊ' गेला, पण यॉर्कशायरच्या खेड्यांत तो 'दा' आणि 'दी' अशा रूपांत विसाव्या शतकातही बोलला जात होता. मित्राला, भावाला, लहानाला 'दा', वडीलधाऱ्याला 'यू'. आगाऊपणे 'दा' म्हणणाऱ्या पोराला तिकडची थोर मंडळी जे ऐकवीत त्याचा अर्थ असा : 'मला अरेतुरे करू नकोस, स्वतःलाच अरेतुरे करून बघ, कसे वाटते ते!' हे इंग्रजी वाक्य लंडनच्या माणसाला फोड करून सांगावे लागेल. मराठी माणसाला किंवा 'नीनु' आणि 'नीवु' यांत फरक करणाऱ्या कन्नड माणसाला ते एकदम कळते.

तसेच यॉर्कशायरमध्ये 'व्हाइल' या शब्दाचा अर्थ 'पर्यंत' असाही होतो. 'नऊ व्हाइल पाच' म्हणजे नऊ ते पाच. बाहेरचा माणूस गोंधळतो, जसा आमचा 'खरं' ऐकून पुण्याचा पाहुणा गोंधळतो. शब्द ओळखीचाच, पण गावात त्याला दुसरे काम दिलेले!

मेंढ्या आणि विटीदांडू

सर्वांत नवल वाटले ते मेंढ्या मोजण्याच्या अंकांचे. यॉर्कशायरच्या दऱ्याखोऱ्यांत आणि उत्तरेकडच्या डोंगरी भागांत मेंढपाळांचे अंक 'यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप' असे होते. हे इंग्रजी नव्हेत. 'पिंप' म्हणजे पाच. वेल्श भाषेत पाचाला याच्याशी जुळणारा शब्द आहे. दहाला 'डिक', वेल्शमध्ये 'देग'. इंग्रज येण्यापूर्वी तिथे राहणाऱ्या केल्टिक लोकांच्या अंकांचा हा अवशेष, की नंतर वेल्स वा स्कॉटलंडकडून आलेले अंक, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. वीस झाले की एक खूण करायची आणि पुन्हा 'यान'पासून सुरुवात. आपल्याकडची जुनी माणसे 'दोन विसा', 'तीन विसा' असे मोजत, तसेच हे.

हे वाचताना मला एकदम विटीदांडू आठवला. 'वकट, लेंड, मूंड, नाल' हे आपण लहानपणी अर्थ न कळता ओरडत होतो. हे तर द्राविडी अंक! तेलुगूत एकाला 'ओकटि', दोनाला 'रेंडु', तीनाला 'मूडु'. चाराला कन्नडमध्ये 'नाल्कु'. मराठी पोरांच्या खेळात शेजारच्या भाषांचे अंक मुकाट्याने नांदत राहिले, आणि इंग्रज मेंढपाळाच्या कळपात केल्टिक.

शुद्ध उच्चार कोणाचा?

मग ज्याला आपण 'शुद्ध ब्रिटिश उच्चार' म्हणतो तो आला कोठून? एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांची मुले ज्या मोजक्या निवासी शाळांत शिकत, तिथे तो घडला. डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपल्या उच्चारकोशात त्याची नोंद केली, तेव्हा त्याला नावही त्या शाळांवरूनच दिले होते. १९२२ साली बीबीसी सुरू झाली आणि हाच उच्चार आकाशवाणीचा झाला. प्रत्यक्षात तो बोलणारे किती? पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला अंदाज होता इंग्लंडच्या लोकसंख्येच्या तीन टक्के. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव इंग्रज आपल्याच बाकावर बसलेले!

या उच्चाराचा दरारा मात्र मोठा होता. आयरिश नाटककार बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक (१९१३) त्याच दराऱ्यावर आहे. पु. ल. देशपांडे यांनी ते 'ती फुलराणी' या रूपाने मराठीत आणले, आणि आपल्याकडे ते चपखल बसले, कारण 'अशुद्ध' बोलणाऱ्याला हसण्यात आपणही मागे नाही. १९४१ साली बीबीसीने हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवले, तेव्हा त्यांच्या उत्तरेकडच्या उच्चाराविरुद्ध तक्रारी आल्या. तक्रार करणारे इंग्रज, वाचणाराही इंग्रज, आणि बातम्याही महायुद्धाच्या!

गिरणीतले पोर

या बोलींची कदर करणारा एक माणूस मला फार मोठा वाटतो. त्याचे नाव जोसेफ राइट. १८५५ साली यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ गरीब घरी जन्म. सहाव्या वर्षी दगडखाणीवर गाढवे हाकण्याचे काम, पुढे गिरणीत बाबीणी बदलण्याचे. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या बातम्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागत, त्याची त्याला खंत वाटली आणि तो अक्षरे शिकू लागला. रात्रशाळा, मग जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट. ऋग्वेदाचे संपादन करणारे मॅक्स म्युलर ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राच्या ज्या प्राध्यापकपदावर होते, त्याच पदावर १९०१ साली राइट आले. १८९८ ते १९०५ या काळात त्यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश पुरा केला. गिरणीत जी भाषा बोलत मोठे झाले तिची त्यांना लाज वाटली नाही. तिचाच त्यांनी कोश केला.

त्यानंतरचे मोठे काम लीड्स विद्यापीठाचे हॅरल्ड ऑर्टन आणि झ्युरिकचे ऑयगेन डीथ यांनी आखले. १९५० ते १९६१ या काळात त्यांचे कार्यकर्ते ३१३ ठिकाणी गेले, बहुतेक खेडीच. तेराशेच्या वर प्रश्नांची यादी हाती, आणि उत्तरे द्यायला गाव सोडून फारशी न गेलेली म्हातारी माणसे. शब्द आपण सुचवायचा नाही, वस्तू दाखवून किंवा वर्णन करून 'याला तुम्ही काय म्हणता?' असे विचारायचे, ही त्यांची रीत. घाई करण्याचे कारण उघड होते. ती पिढी गेली की शब्दही जाणार होते.

आपण काय करावे?

मी असे म्हणत नाही की कसेही बोलावे. 'हॉल' आणि 'होल' यांत घोटाळा झाला किंवा शब्दावरचा जोर चुकला, तर ऐकणाऱ्याला कळत नाही. ते सुधारलेच पाहिजे, आणि सुधारणाऱ्या शिक्षकांचे आभार मानले पाहिजेत. पण 'र' घोळवला नाही, 'ओ' वळवला नाही म्हणून तोंडच उघडायचे नाही, हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे. न्यूकॅसलकडची एक म्हण आहे : 'लाजऱ्या पोराला काही मिळत नाही'. आपलेही लोक सांगतात, रडल्याशिवाय आई पाजत नाही. दोन महिन्यांनी मी हात वर करून हुंडीचा प्रश्न विचारला, माझ्याच 'र'सकट. मागे कोणीतरी हसले. सरांनी उत्तर दिले, आणि त्या उत्तरात मला कोठेही उच्चार आडवा आला नाही.

हसणाऱ्यांत आपणही असतो, हेही कबूल केले पाहिजे. आपल्या कन्नड विभागातला माझा मित्र 'एन माडाकत्तीरि?' असे विचारतो, आणि बेंगळुरूला गेला की त्याच्या या कन्नडला हसतात. खेड्यातून येणाऱ्या मुलीच्या मराठीला आपल्याच वर्गात हसतात. हसण्याची ही उतरंड फार लांब आहे.

माझी आजी सीमेवरच्या खेड्यातली. जेवताना ती एक कन्नड म्हण म्हणायची : 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल'. ज्याला जेवता येते त्याला रोग नाही, ज्याला बोलता येते त्याचे भांडण नाही. आभाळ भरून आले की ती आणखी काहीतरी म्हणायची. आजी मागच्या वर्षी गेली. ती म्हण आता घरात कोणालाच आठवत नाही. तीत कोणाची तरी सासू होती, एवढेच वडील सांगतात.

बिलच्या आईची म्हण ऑर्टनच्या देशात आजही लोकांना ठाऊक आहे. आमच्या त्या सासूची मी वेळेवर लिहून घेतली नाही. म्हणून एक सूचना करतो. येत्या सुट्टीत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसावे, 'याला तुम्ही काय म्हणता?' असे विचारावे, आणि प्रत्येकी दहा म्हणी किंवा शब्द, सांगणाऱ्याच्या गावाच्या नावासह, संपादक मंडळाकडे आणून द्यावेत. पुढच्या अंकात त्यांना चार पाने मिळाली तरी पुरे. माझी वही मी घातली आहे. आजीच्या धाकट्या बहिणीकडून सुरुवात करणार आहे.